अदृश्य कणांचें वजन

वजन करावयाचें म्हणजे वस्तु हातीं असली पाहिजे, ही व्यवहारांतील पहिली अट आहे. वाण्याचें दुकान असो कीं सोनाराची पेढी असो, एका पारड्यांत माल आणि दुसऱ्या पारड्यांत वजनें, हा क्रम चुकत नाहीं. पारड्यांत कांहींच पडलें नसतां त्या न पडलेल्या वस्तूचें वजन अमुक भरलें, असें कोणी सांगूं लागला, तर ऐकणारा त्याच्या बुद्धीविषयीं शंका घेईल. तथापि गेल्या शंभर वर्षांत पदार्थविज्ञानानें नेमका हाच उद्योग आरंभिला आणि पुष्कळ अंशीं तडीस नेला. कांहीं कण जन्मतांच फुटतात, आणि फुटतांना आपल्या ठेव्याचा एक भाग अशा कणाच्या स्वाधीन करतात कीं, जो कोणत्याही यंत्रास न शिवतां निघून जातो. त्या पळालेल्या कणाचा माग कोठेंही उमटत नाहीं. तरी मूळ कणाचा भार आज दहा हजारांत एका भागाइतक्या बारकाईनें मोजला जातो. ही विद्या कशी सिद्ध झाली, आणि तिनें शास्त्रज्ञांस कोठें तारलें व कोठें फसविलें, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

या हकीकतीचा आरंभ प्रचंड यंत्रांपासून होत नाहीं. तो एका लहानशा तुटीपासून होतो. कांहीं किरणोत्सर्गी द्रव्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा १९१४ सालीं जेम्स चॅडविक हे बर्लिन येथें मोजीत होते. एका जातीचा अणुगर्भ पालटून दुसऱ्या जातीचा होतो, तेव्हां पहिल्याची ऊर्जा ठरलेली असते आणि दुसऱ्याचीही ठरलेली असते. अर्थात् मधल्या फरकाची रक्कम प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वांट्यास सारखीच यावयास हवी होती. प्रत्यक्षांत कोणी इलेक्ट्रॉन जवळजवळ पुरी रक्कम घेऊन निघे, कोणी निम्मी, तर कोणी बहुतेक रित्या हातानें बाहेर पडे. ही ऊर्जा वाटेंतच कोठें तरी सांडत असावी, असें पुष्कळांस वाटलें. ती शंका फेडण्यासाठीं १९२७ सालीं केंब्रिज येथें चार्ल्स एलिस आणि विल्यम वूस्टर यांनीं असें द्रव्य धातूच्या एका बंद पात्रांत ठेवून त्यांत निर्माण होणारी उष्णता मोजली. इलेक्ट्रॉनची ऊर्जा पात्रांत कोठेंही सांडली असती, तरी ती उष्णतेच्या रूपानें हातीं लागलीच असती. परंतु दर अणुगर्भामागें जी उष्णता मिळाली, ती पुऱ्या रकमेच्या सुमारें एक तृतीयांश एवढीच भरली. तूट खरी होती.

जमाखर्च जुळत नाहीं, तेव्हां दोनच मार्ग संभवतात. एक तर बेरजेचा नियमच त्या पेढीस लागू नाहीं, असें म्हणावें. नाहींतर कोणी तरी रक्कम घेऊन गेला आहे, असें मानून त्याचा शोध करावा. नील्स बोर यांच्यासारखा थोर पुरुष पहिला मार्ग पत्करण्यास सिद्ध झाला होता. अणुगर्भाच्या आंत ऊर्जेची बेरीज दर प्रसंगीं जुळलीच पाहिजे असें नाहीं, केवळ सरासरीनें ती जुळत असेल, असा त्यांचा विचार होता. दुसरा मार्ग वोल्फगांग पाउली यांनीं दाखविला. ४ डिसेंबर १९३० रोजीं झुरिक येथून त्यांनीं ट्यूबिंगेन येथें जमलेल्या शास्त्रज्ञांस पत्र लिहिलें. इलेक्ट्रॉनबरोबर विद्युद्भार नसलेला एक हलका कण बाहेर पडत असावा आणि हरवलेली ऊर्जा तोच घेऊन जात असावा, अशी कल्पना त्यांनीं त्या पत्रांत मांडली. हा उपाय अगतिकतेचा आहे, हें त्यांनीं स्वतःच कबूल केलें. झुरिकमध्यें एक नृत्यसमारंभ असल्यामुळें आपणांस सभेस येतां येत नाहीं, असेंही कळविण्यास ते विसरले नाहींत.

पाउलींच्या या कल्पित कणास एन्रिको फर्मी यांनीं शास्त्रांत मानाचें स्थान मिळवून दिलें. न्यूट्रिनो हें नांव रूढ केलें तें त्यांनींच. इटालियन भाषेंत त्याचा अर्थ विद्युद्भार नसलेला लहानगा असा होतो. फर्मी यांनीं १९३३ आणि १९३४ सालीं जी उपपत्ति रचली, तींत एक मार्मिक सूचना होती. न्यूट्रिनोला स्वतःचा कांहीं भार असेल, तर तो निर्माण करण्याचा खर्च प्रथम वजा होईल, आणि मग अत्यंत भाग्यवान् इलेक्ट्रॉनलासुद्धां पुरी रक्कम मिळणार नाहीं. म्हणून इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची जी शेवटची सीमा आहे, ती बारकाईनें पाहावी. अदृश्य कणाचा भार तेथें लिहिलेला सांपडेल. पुढें हजारों शास्त्रज्ञ ज्या युक्तीवर विसंबले, ती मूळ युक्ति हीच होय. जर्मनींत कार्ल्सरूहे येथें याच मार्गानें मोजमाप करण्यांत आलें आहे. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षावरून न्यूट्रिनोचा भार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी ठरतो. स्वतः न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडण्यास मात्र १९५६ साल उजाडावें लागलें. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कावन यांनीं अमेरिकेंत साउथ कॅरोलिना येथील एका अणुभट्टीजवळ त्याचें अस्तित्व सिद्ध केलें. अर्थात् भट्टींतून न्यूट्रिनोंचा अखंड लोंढा वाहत होता, आणि त्यांतील अगदीं थोडेच जाळ्यांत अडकत होते. एखाद्याच टकरींतून निघालेला एखादाच न्यूट्रिनो पकडावा, ही आशा व्यर्थ होय.

आणि तरी तसा प्रसंग लवकरच आला. ज्या बलामुळें अणुगर्भांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तें बल डब्ल्यू आणि झेड नांवाच्या दोन कणांच्या द्वारें कार्य करीत असावें, अशी उपपत्ति शेल्डन ग्लाशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या कार्यांतून १९६० नंतरच्या दशकांत पुढें आली. हे कण प्रोटॉनच्या सुमारें ऐंशी ते शंभर पट जड असावे लागत होते. एवढा जड कण निर्माण करण्याइतकी ऊर्जा त्या काळच्या कोणत्याही यंत्राजवळ नव्हती. १९७६ सालीं कार्लो रुबिया, पीटर मॅकिन्टायर आणि डेव्हिड क्लाइन यांनीं असें सुचविलें कीं, असलेल्याच वर्तुळांत एका बाजूनें प्रोटॉन आणि दुसऱ्या बाजूनें प्रतिप्रोटॉन धांववावे आणि त्यांची समोरासमोर टक्कर घडवावी. जिनीव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, सर्न या संस्थेचें सुमारें सात किलोमीटर घेराचें यंत्र जमिनीखालीं होतें. तेंच या कामीं योजण्यांत आलें. प्रतिप्रोटॉन मिळतात थोडे, आणि मिळतात तेही सैरावैरा धांवणारे. त्यांना शिस्त लावून त्यांचा दाट पुंजका बनविण्याची रीति सिमोन व्हान डर मीर यांनीं शोधून काढली होती. १९८१ सालच्या जुलैमध्यें पहिल्या टकरी झाल्या.

आतां अडचण अशी कीं, डब्ल्यू कण निर्माण होतांच फुटतो. तो ज्या अनेक रीतींनीं फुटतो, त्यांपैकीं ओळखण्यास सोपी रीति म्हणजे एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो. इलेक्ट्रॉन दिसतो, न्यूट्रिनो भिंतींतून, जमिनींतून, पर्वतांतून सरळ निघून जातो. मग डब्ल्यूचा भार काढावा कसा? येथें एलिस आणि वूस्टर यांच्या बंद पात्राची आठवण होते. रुबिया यांच्या मंडळीनें टकरीच्या जागेभोंवतीं जवळजवळ सर्व बाजूंनीं ऊर्जा मोजणारे थर रचले. यूए-१ या नांवानें प्रसिद्ध झालेलें हें शोधकयंत्र सुमारें दोन हजार टन वजनाचें होतें. याशिवाय यूए-२ या नांवाचें दुसरें यंत्र दुसऱ्या मंडळीनें उभारलें होतें, आणि दोहोंत चुरस होती.

तथापि पात्र कितीही बंद केलें तरी दोन भोंकें ठेवावींच लागतात. ज्या नळींतून प्रोटॉन येतात आणि ज्या नळींतून प्रतिप्रोटॉन येतात, त्यांची तोंडें बुजवितां येत नाहींत. टकरीचे पुष्कळसे तुकडे या नळ्यांतूनच निसटतात. म्हणून शलाकेच्या दिशेचा हिशेब कधींच पुरा होत नाहीं. परंतु शलाकेशीं काटकोन करणारी जी आडवी दिशा, तिचा हिशेब पुरा होतो. टकरीपूर्वीं दोन्ही कण सरळ रेषेंत समोरासमोर येत होते. आडव्या दिशेनें त्यांची गति शून्य होती. तेव्हां भार आणि वेग यांच्या गुणाकारास जो संवेग म्हणतात, त्याची आडव्या दिशेंतील बेरीज टकरीनंतरही शून्यच राहिली पाहिजे. एका बाजूस इलेक्ट्रॉन मोठ्या संवेगानें निघाला आणि दुसऱ्या बाजूस त्याला तोलून धरणारें कांहींच दिसलें नाहीं, तर तेथून कोणी तरी अदृश्य निघून गेला, हें उघड होतें. कीर्दींत जी रक्कम कमी पडते, तीच त्याची ओळख.

पण ओळख पटणें निराळें आणि वजन ठरविणें निराळें. त्यासाठीं फर्मींची सीमा पाहण्याची युक्ति पुनः कामास आली. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एक डब्ल्यू कण स्थिर उभा आहे आणि तो फुटला आहे. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो समान वांटा घेऊन एकमेकांच्या उलट दिशांस धांवतील. डब्ल्यूचा भार ऐंशी मानला, तर प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस येतील. इलेक्ट्रॉन शलाकेशीं बरोबर काटकोनांत निघाला, तर त्याचा आडवा संवेग पुरा चाळीस भरेल. तिरपा निघाला, तर तितक्या मानानें कमी भरेल. परंतु चाळिसाहून अधिक तो कधींही भरणार नाहीं. शिवाय काटकोनाच्या आसपास दिशा थोडी ढळली तरी आडवा भाग फारसा घटत नाहीं. त्यामुळें पुष्कळसे इलेक्ट्रॉन चाळिसाच्या अलीकडेच येऊन गर्दी करतात. अशा अनेक इलेक्ट्रॉनांची मोजदाद करून आलेख काढला, तर देशावरून पश्चिमेकडे जातांना सह्याद्रीचें पठार जसें हळूहळू चढत जातें आणि माथ्यावर पोंचतांच कोंकणाच्या बाजूस एकदम कडा तुटतो, तसाच आकार दिसतो. तो कडा जेथें असेल, त्या आंकड्याची दुप्पट म्हणजे डब्ल्यूचा भार. न्यूट्रिनो दिसलाच पाहिजे, अशी गरज उरत नाहीं.

वास्तविक डब्ल्यू कण स्थिर नसतो. टकरीच्या धक्क्यानें तो थोडासा एका बाजूस ढकलला जातो, आणि त्यामुळें कडा ढासळल्यासारखा होतो. म्हणून इलेक्ट्रॉनचा आडवा संवेग आणि तुटीवरून काढलेला न्यूट्रिनोचा आडवा संवेग हे दोन्ही एकत्र करून एक नवी राशि बनविण्यांत आली. तिला आडवा भार म्हणतां येईल. ही राशि डब्ल्यूच्या खऱ्या भाराहून अधिक होऊं शकत नाहीं, आणि डब्ल्यूच्या स्वतःच्या हालचालीनें तिचा कडा फारसा ढासळत नाहीं.

१९८२ सालच्या अखेरच्या दोन महिन्यांत यंत्रांत सुमारें एक अब्ज टकरी झाल्या. त्यांतून चाळणीमागून चाळणी लावून यूए-१ च्या हातीं सहा घटना लागल्या, आणि यूए-२ च्या हातीं चार. १९८३ सालच्या जानेवारीच्या २० आणि २१ तारखांस दोन्ही मंडळींनीं सर्नच्या सभागृहांत आपापली हकीकत सांगितली, आणि २५ तारखेस ती जाहीर करण्यांत आली. यूए-१ नें डब्ल्यूचा भार ८१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट असा काढला; त्यांत चूक ५ पर्यंत संभवत होती. या मापानें प्रोटॉनचा भार एकाहून किंचित् कमी असतो. पुढें चाळीस वर्षें कसून मोजमाप झालें, तेव्हां हा आंकडा ८० आणि ८१ यांच्या मध्यें पडला. केवळ सहा दिसलेले इलेक्ट्रॉन आणि सहा न दिसलेले न्यूट्रिनो यांवरून काढलेलें हें वजन इतकें नेटकें निघालें, याचें आजही नवल वाटतें. त्याच वर्षीं झेड कणही सांपडला, आणि १९८४ चें नोबेल पारितोषिक रुबिया व व्हान डर मीर यांना मिळालें.

परंतु ज्या शस्त्रानें विजय मिळतो, तेंच हातांत उलटतेंही. १९८४ सालीं यूए-१ च्या मंडळीनें कांहीं विलक्षण घटना प्रसिद्ध केल्या. एका बाजूस कणांचा एक जोरदार झोत, आणि दुसऱ्या बाजूस कांहींच नाहीं. मोठी तूट, आणि ती भरून काढणारा इलेक्ट्रॉनही जवळपास नाहीं. हा कोणी नवाच अदृश्य कण असावा, अशी खळबळ उडाली. दर ज्ञात कणास एक जड जोडीदार असतो, असें प्रतिपादणारी अतिसममिति नांवाची उपपत्ति तेव्हां जोरांत होती; त्या जोडीदारांपैकींच हा एक असावा, असें मानून निबंधामागून निबंध निघूं लागले. मग हिशेब पुनः तपासण्यांत आला. झेड कण दोन न्यूट्रिनोंत फुटून नाहींसा होतो, त्यामुळें होणारी थोडी तूट. डब्ल्यूपासून टाऊ नांवाचा कण निघतो, त्यामुळें होणारी थोडी तूट. झोतांच्या मोजणींतील चुकीमुळें भासणारी थोडी तूट. यांतील कोणतेंही एक कारण पुरें पडत नव्हतें. पण सर्वांची बेरीज मांडतांच नव्या कणास जागा उरली नाहीं. चोर घरांत शिरलाच नव्हता. अनेक किरकोळ खर्च वहींत टिपावयाचे राहून गेले होते. या फजितीनें एक धडा कायमचा दिला. हरवलेल्या रकमेवर कोणाचें नांव घालण्यापूर्वीं दिसणाऱ्या रकमेचा पैन् पै हिशेब झाला पाहिजे.

तो हिशेब किती सूक्ष्म असावा लागतो, याचें उदाहरण सर्नच्या पुढील यंत्रानें घालून दिलें. सत्तावीस किलोमीटर घेराच्या बोगद्यांत १९८९ सालीं इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी सुरू झाल्या. तेथें झेड कण लाखोंनीं निर्माण होत. झेड कण दर पांच वेळांत सुमारें एक वेळ न्यूट्रिनोंच्या जोडींत फुटतो, आणि त्या वेळीं यंत्रांत कांहींच उमटत नाहीं. मग न्यूट्रिनोंच्या जाती किती, हें कसें ठरवावें? युक्ति अशी कीं, फुटण्याच्या वाटा जितक्या अधिक, तितकें कणाचें आयुष्य अल्प. आणि आयुष्य जितकें अल्प, तितका त्याच्या भाराचा पट्टा रुंद. तेव्हां टकरींची ऊर्जा हळूहळू बदलीत झेड कणाच्या डोंगराचा आकार काढावा. दिसणाऱ्या वाटांचा वांटा वजा करावा. उरेल तो अदृश्यांचा वांटा. १९८९ सालच्या ऑक्टोबरमध्येंच उत्तर मिळालें कीं, हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत.

या कामीं टकरींची ऊर्जा अचूक ठाऊक असणें अवश्य होतें, आणि ती अकारण बदलतांना दिसे. शोध करतां असें आढळलें कीं, ज्या चंद्रामुळें समुद्रास भरती येते, त्याच्याच ओढीनें जिनीव्हाजवळची जमीनही किंचित् फुगते आणि सत्तावीस किलोमीटरांचा घेर सुमारें एक मिलिमीटरनें बदलतो. जवळच्या सरोवराच्या पाण्याच्या पातळीचाही परिणाम घडे. आणखी एक गडबड दिवसां होई आणि मध्यरात्रीनंतर कांहीं तास थांबे. ती जिनीव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या विजेच्या आगगाड्यांची निघाली. रुळांतून गळणारी वीज यंत्राच्या नळीपर्यंत पोंचत होती. चंद्र, सरोवर आणि आगगाडी, या तिघांच्या नांवें रकमा टाकल्या, तेव्हां झेड कणाचा भार ९१,१८८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट इतका निश्चित झाला, आणि त्यांत चूक केवळ दोहोंची राहिली.

येथेंही एक सूक्ष्म तूट उरलीच होती. न्यूट्रिनोंच्या जातींचा अखेरचा आंकडा २.९८४ असा निघाला; संभाव्य चूक .००८ होती. पुऱ्या तीनास तो किंचित् कमी पडत होता, आणि त्या कमीपणांतही कोणास नव्या निसर्गनियमाची चाहूल लागे. २०२० सालीं, यंत्र बंद होऊन वीस वर्षें लोटल्यावर, कांहीं शास्त्रज्ञांनीं जुन्या वह्या पुनः उघडल्या. समोरासमोर येणारे कणांचे दोन पुंजके एकमेकांस किंचित् ओढतात, त्याचा परिणाम टकरींच्या मोजदादींत धरावयाचा राहिला होता, असें त्यांस आढळलें. ती आणि आणखी कांहीं दुरुस्त्या करतांच आंकडा २.९९६ झाला. तूट निसर्गाची नव्हती, वहीची होती.

त्याच बोगद्यांत पुढें प्रोटॉनांची टक्कर घडविणारें लार्ज हॅड्रॉन कोलायडर उभें राहिलें, आणि २०१० सालीं त्याचें मुख्य संशोधन सुरू झालें. आतां शोध होता तो नव्याच अदृश्याचा. आकाशगंगांच्या भ्रमणावरून आणि विश्वाच्या इतर मोजमापांवरून असें दिसतें कीं, जगांत सामान्य द्रव्याच्या पांच पट तरी दुसरें कांहीं द्रव्य आहे, आणि तें प्रकाश देत नाहीं व अडवीतही नाहीं. त्याचे कण टकरींतून निर्माण झाले, तर ते न्यूट्रिनोप्रमाणेंच निसटून जातील. परंतु येथें एक नवीन पेंच पडतो. असे कण बहुधा जोडीनें निर्माण होतील. म्हणजे पळून जाणारे एक नव्हेत, दोन. तूट मात्र दोघांची मिळून एकच कळते. दोन भाऊ घरांतून निघून गेले, आणि तिजोरींतून एकूण किती गेलें एवढेंच कळलें, तर कोणी किती नेलें हें सांगावें कसें?

केंब्रिज येथील क्रिस्टोफर लेस्टर आणि डेव्हिड समर्स यांनीं १९९९ सालीं याचा तोडगा काढला. तुटीची वांटणी दोघांत जितक्या रीतींनीं होऊं शकेल, तितक्या सर्व रीतींनीं करून पाहावी. प्रत्येक वांटणीस दोन्ही बाजूंच्या मूळ कणांचा आडवा भार काढावा आणि त्यांतील मोठा आंकडा घ्यावा. मग अशा सर्व मोठ्या आंकड्यांतून सर्वांत लहान असेल तो निवडावा. पळालेल्या कणाचा भार बरोबर गृहीत धरला असेल, तर हा आंकडा मूळ कणाच्या भाराहून कधींच अधिक होत नाहीं; कारण खरी वांटणी कोणती तें ठाऊक नसलें, तरी ती त्या अनेक वांटण्यांपैकीं एक असतेच. म्हणजे पुनः एक कडा मिळतो, आणि कडा सांपडला कीं वजन मिळतें. मात्र पळालेल्या कणाचाच भार ठाऊक नसेल तर काय, हा प्रश्न उरतो. २००७ सालीं कोरियांतील चार शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, त्या भाराचा निरनिराळा अंदाज घेत कड्याची जागा मांडीत गेलें, तर अनुकूल प्रसंगीं खऱ्या भारापाशीं येतांच त्या रेषेस एक कोन पडतो. अशा रीतीनें मूळ कण आणि पळालेला कण या दोघांचींही वजनें एकाच आलेखांतून काढण्याची सोय झाली.

या शोधांत महाराष्ट्राचाही वांटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सर्नच्या जुन्या यंत्रावरील एल-३ या प्रयोगांत आणि अमेरिकेंतील डी-झीरो या प्रयोगांत सहभागी होते. नव्या यंत्रावरील सीएमएस या प्रयोगांतही ते आहेत. सीएमएसच्या प्रचंड चुंबकाच्या आंत ऊर्जा मोजणाऱ्या थरांस जागा मर्यादित आहे. मध्यभागीं एखाद्या जोरदार झोताचें शेपूट ते थर भेदून चुंबकापलीकडे जातें, आणि तेथें मोजणारें कांहीं नसेल तर ती ऊर्जा हरवली असें भासतें. खोटी तूट निर्माण होते ती अशीच. ती अडविण्यासाठीं चुंबकाच्या गुंडाळीबाहेर आणखी एक थर बसविण्यांत आला आहे. कण आदळतांच चमकणाऱ्या फरश्यांचा हा थर घडविण्याचें काम मुख्यतः भारतीय शास्त्रज्ञांनीं, आणि त्यांतही टाटा संस्थेनें केलें. नव्या द्रव्याचा कण आजवर कोणत्याही कोलायडरांत सांपडलेला नाहीं. वजनाचा कांटा मात्र तयार आहे.

इकडे जुन्या डब्ल्यू कणानेंच शास्त्रज्ञांस पुनः कोड्यांत टाकलें. शिकागोजवळचें टेव्हाट्रॉन हें यंत्र २०११ सालीं बंद झालें, परंतु त्यावरील सीडीएफ या प्रयोगाच्या मंडळीनें सांठविलेल्या नोंदींवर पुढें दहा वर्षें काम केलें. सुमारें चाळीस लाख डब्ल्यू कणांचे आडवे भार आणि संवेग तपासून २०२२ सालच्या एप्रिलमध्यें त्यांनीं निर्णय दिला कीं, डब्ल्यूचा भार ८०,४३३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, आणि संभाव्य चूक ९.४ इतकीच आहे. प्रचलित उपपत्तीप्रमाणें हा भार ८०,३५७ च्या आसपास असावयास हवा. फरक शंभरांत एका दशांशाइतकाच. पण चुकीच्या मर्यादेशीं ताडून पाहतां तो फार मोठा. तो खरा असेल, तर कोणी तरी अद्याप न दिसलेला कण डब्ल्यूच्या वजनांत आपलें बोट घालीत आहे, असें म्हणावें लागेल. शास्त्राच्या एका सबंध इमारतीचा पाया तपासण्याची वेळ येईल.

२०२४ सालीं सर्नच्या दोन प्रयोगांचे निर्णय आले. ॲटलास प्रयोगानें ८०,३६६.५ हा आंकडा दिला. संभाव्य चूक १५.९. सीएमएस प्रयोगानें ८०,३६०.२ हा दिला. संभाव्य चूक ९.९. सीएमएसच्या मंडळीनें दहा कोटींहून अधिक डब्ल्यू घटना घेतल्या. त्यांनीं एक गोष्ट जाणून केली, ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. नव्या यंत्रांत एकाच क्षणीं अनेक टकरी होतात, त्यामुळें तुटीचा आंकडा पुरेसा विश्वासार्ह राहत नाहीं. म्हणून त्यांनीं न्यूट्रिनोच्या नांवें पडणारी तूट बाजूस ठेवली, आणि न्यूट्रिनोबरोबर निघणाऱ्या म्युऑन कणाचाच संवेग अत्यंत काळजीपूर्वक मोजला. अदृश्याचा हिशेब त्यांनीं दृश्याच्या तोंडून वदविला. हे दोन्ही आंकडे उपपत्तीशीं जुळतात. सीडीएफच्या आंकड्याशीं जुळत नाहींत. तेव्हां सीडीएफच्या वहींत कोठें तरी एखादी रक्कम चुकीची पडली असावी, असा तर्क बळावतो. पण ती रक्कम कोणती, हें अद्याप कोणीही दाखविलेलें नाहीं, आणि तें दाखविलें जाईपर्यंत दहा वर्षांच्या त्या परिश्रमास खोटें म्हणण्याचा अधिकार कोणासही पोंचत नाहीं.

एलिस आणि वूस्टर यांच्या पात्रांतील तूट निसर्गाची होती. तिच्यांतून न्यूट्रिनो निघाला. १९८४ सालची तूट वहीची होती. तिच्यांतून कांहींच निघालें नाहीं. दोन्ही प्रसंगीं कागदावर दिसणारा आंकडा सारखाच मोहक होता. त्यांतला खरा कोणता आणि खोटा कोणता, हें कोणाच्याही प्रतिभेनें ठरलें नाहीं. पात्राला भोंक तर नाहीं ना, गाडी जवळून तर गेली नाहीं ना, चंद्र माथ्यावर तर नव्हता ना, असले अगदीं घरगुती प्रश्न कंटाळा न करतां विचारल्यानेंच तें ठरलें. शिकागोजवळ आणि जिनीव्हाजवळ निघालेल्या आंकड्यांमधला फरकही अखेरीस याच मार्गानें उलगडेल. तोंपर्यंत दोन्ही वह्या उघड्या आहेत, आणि दोन्हीकडचे कारकून पुनः पहिल्या पानापासून बेरीज करीत आहेत.